एकतिसावी साल

१

गुरुवारी सकाळी दहा वाजता टेकडीवरच्या वेधशाळेत मोठ्या आरशावरची साल निघाली आणि सालीखाली ओरखडा निघाला.

वीतभर लांब, केसाएवढा बारीक. दोन माणसांनी हात पसरले तरी कवेत येणार नाही अशा आरशावर वीतभर ओरखडा म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. तिथं उभ्या असलेल्या चौघांना तसं वाटलं नाही. दुर्बिणीवर काम करणारी तरुण संशोधक मटकन खाली बसली. घुमटाला रंग द्यायला आलेला रंगारी हातातली टोपी चुरगाळत राहिला. वेधशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. आणि ज्यांनी ती साल काढली होती ते म्हातारे कारागीर शांतपणे म्हणाले, "माझाच हात चुकला. वय झालं. लिहून घ्या."

या कारागिरांना सगळे हलकेकाका म्हणत, कारण त्यांचा हात हलका होता. तीस वर्षांत त्यांच्या हातून आरशाला कधी डाग लागला नव्हता.

चोर स्वतःहून चौकीत येऊन बसला की चौकशी संपते. मुख्य कार्यालयाच्या तपासनीस बाईंची मात्र तिथूनच सुरू झाली. बावीस वर्षं त्यांनी मोडक्या खुर्च्या, हरवलेल्या किल्ल्या आणि मुदत संपलेली अग्निशामक नळकांडी तपासली होती. दुर्बिणीला त्यांनी आयुष्यात डोळा लावला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत अहवाल द्यायचा होता आणि त्यात दोषी माणसाचं नाव हवं होतं. ते नाव हलकेकाकांचं निघालं, तर त्यांना आरशाच्या जागी पुन्हा पाऊल ठेवता येणार नव्हतं. पुढच्या महिन्यात दुप्पट मोठा नवा आरसा येणार होता. त्याच्यावरचा पहिला लेप आपल्या हातून व्हावा, एवढ्यासाठी म्हातारा निवृत्तीनंतरही टेकडी चढत होता.

"अर्ध्या तासाचं काम आहे," वरिष्ठांनी सांगितलं होतं. "कबुली तयारच आहे."

बाईंना तयार मिळालेल्या वस्तूचा नेहमीच संशय यायचा. त्यांची आई शिंपीण होती. तयार कपड्यांकडे ती अशी बघायची की दुकानदार शरमून जावा.

२

"आरसा पुसत नाहीत, मॅडम," सर म्हणाले. उंच, वाकलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "याची चमक म्हणजे काचेवर दिलेला धातूचा थर. वर्खसुद्धा त्याच्यापुढे जाडजूड म्हणावा लागेल. फडकं फिरवलं की धुळीचा एकेक कण त्याच्यावरून फरफटत जातो."

"मग?"

"एक पातळ लेप ओततात. तो दिवसभरात वाळतो आणि त्याची साल होते. ती अलगद सोलून काढायची. आरशावर जे जे बसलंय, धूळ, तेलकटपणा, बोटांचे ठसे, ते सगळं सालीला चिकटून येतं. आणि साल आहे तोवर आरशाला वरून धोका नाही. रंगकाम होतं म्हणून ती यंदा सोमवारपासून गुरुवारपर्यंत ठेवली."

"ओतण्याआधी आरसा तपासला होता?"

"सोमवारी दुपारी. मी, काका आणि आमची संशोधक, तिघांनी दिवे लावून. एकही ओरखडा नव्हता. सह्या आहेत." सरांनी आपल्या गळ्यातली छोटी पितळी बॅटरी काढून बाईंच्या हातात दिली. "ही घ्या, आत अंधार असतो. लाल उजेड आहे. रात्री काम करणाऱ्यांचे डोळे त्यानं दिपत नाहीत. गळ्यातच असू द्या, नाहीतर हरवते. मला शिकवणाऱ्या मास्तरांनी दिलेली आहे, माझ्यापेक्षा म्हातारी."

घुमटाखाली दुर्बीण तोंड वर करून उभी होती. तिच्या बुडाशी, कमरेएवढ्या उंचीवर, एक झडप उघडी होती. तिच्याजवळ हलकेकाका स्टुलावर बसले होते. बाई पुढं वाकणार तोच ते गरजले, "थांबा! गळ्यातलं काढा."

"काय?"

"माळ, ओळखपत्र, बॅटरी, चष्म्याची दोरी. जे जे लोंबतं ते सगळं. आणि हा अंगरखा घाला, याला खिसा नाही. इथं खिसा चालत नाही, खिशातून वस्तू पडतात."

बाईंनी माळ आणि बॅटरी पिशवीत टाकली, अंगरखा घातला आणि झडपेतून डोकावल्या.

त्यांना वाटलं होतं, आरसा दिसेल. आरसा दिसलाच नाही. काच कुठं सुरू होते ते कळेना. खाली नुसती खोली होती, उजेडाची खोली, आणि त्यात त्यांचाच चेहरा, ताटाएवढा मोठा, डोळे विस्फारलेला. त्यांनी नकळत काठ घट्ट पकडला. एवढी स्वच्छ वस्तू माणसाच्या हातानं होऊ शकते, हे त्यांना बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"सगळ्यांचं असंच होतं," काका हळूच म्हणाले. "माझं तीस वर्षं होतंय."

मग बाईंना ओरखडा दिसला. काठापासून हातभर आत. सरळ नव्हता तो, जरासा वळलेला होता. दोन्ही टोकांना विरत गेलेला आणि मध्ये ठसठशीत.

"कशानं झाला, काका?"

"नखानं. साल ओढताना हात थरथरला."

काकांची नखं मुळापर्यंत कापलेली होती. काकांनी थर्मासमधून चहा काढला आणि काठोकाठ भरलेला कप बशीतून त्यांच्यापुढं धरला. बाई मुद्दाम तो घ्यायला उशीर लावत राहिल्या. त्या बशीवर कप एकदाही वाजला नाही.

म्हणजे म्हातारा खोटं बोलत होता. पण माणूस खोटं बोलतो ते सुटायला. अडकायला कोण खोटं बोलतं?

३

रंगारी घुमटाबाहेरच्या पायरीवर बसून ब्रश धूत होता.

"काल सकाळपर्यंत मी आरशाकडं फिरकलोसुद्धा नव्हतो, मॅडम. मला त्याची भीती वाटते. आपलंच थोबाड एवढं मोठं बघून कुणाचं भलं झालंय?"

"मंगळवारी काय केलंत?"

"घुमटाच्या वरच्या झडपा रंगवल्या. दोन झडपांची फट असते ना, तिच्यावर शेवटचा हात मारला आणि पाचला गेलो." तो जरा घुटमळला. "एक सांगू? रागावणार नाही ना? बुधवारी सकाळी आलो तर फटीवरचा रंग फाटलेला. सरळ चिरत गेलेला. म्हटलं, वाऱ्यानं झडप हलली असेल. गुपचूप पुन्हा रंगवला. उगाच बोलणी कोण खाणार?"

बाईंनी मान वर करून त्या झडपा पाहिल्या. एकेक झडप बैलगाडीएवढी होती. त्या हलवणारा वारा सुटला असता तर टेकडीवर रंगारीही उरला नसता. मंगळवारी रात्री कुणीतरी घुमट उघडला होता.

घुमटाच्या किल्ल्या तिघांकडं होत्या. काका, सर आणि संशोधक.

संशोधकाला सगळे घुबड म्हणत आणि तिनंही ते नाव आपल्या कपावर लिहून ठेवलं होतं. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"मंगळवारी रात्री कुठं होतीस?"

"खोलीत. चादर डोक्यावरून घेऊन पडले होते. आकाश निरभ्र होतं, मला ते बघवत नव्हतं."

"का?"

"तुम्हाला माहीत नाही?" ती चिडलीच. "सूर्यमालेच्या अगदी कडेला एक गोठलेला दगड फिरतो. मंगळवारी रात्री तो एका ताऱ्याच्या बरोबर समोरून जाणार होता. तारा चार सेकंद विझणार होता, फक्त चार. त्यावरून त्या दगडाचा आकार कळला असता. आपल्या हयातीत असं पुन्हा होणार नाही. आणि आमचा आरसा झाकलेला! रंगकाम आठवडाभर पुढं ढकला म्हणून सरांनी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं होतं. कुणीतरी नाही म्हणून पाठवलं. हे बघा."

बाईंनी पत्राची प्रत हातात घेतली. 'कारण' या रकान्यात सरांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: एक तारा चार सेकंद विझणार आहे. त्याखाली लाल शाईत शेरा होता: कारण पुरेसे नाही.

शेऱ्याखालची सही बाईंची स्वतःची होती.

४

दुपारी आईचा फोन आला.

"जेवलीस का?"

"नाही गं. डोकं चालत नाहीये. इथं सगळं समोर आहे आणि काही दिसत नाही."

"मग उलटं करून बघ. सुलट बाजू सगळेच बघतात, पण शिलाई उलट बाजूला बोलते. आणि आधी जेव."

बाई जेवल्या नाहीत. त्या थेट काकांकडं गेल्या. "काढलेल्या सालीचं काय करता तुम्ही?"

काकांचा चेहरा पहिल्यांदाच जरा हलला. "ठेवतो," ते नाइलाजानं म्हणाले.

कोठीचं दार उघडलं आणि बाई उंबऱ्यावरच थबकल्या. छताखाली तारा ताणलेल्या होत्या आणि तारांवर साली टांगलेल्या होत्या. आरशाएवढ्या, गोल, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ. दारातून आलेल्या झुळकीनं सगळ्या एकदम सळसळल्या. प्रत्येकीच्या काठाला शिवलेल्या पट्टीवर वर्ष लिहिलं होतं.

"लोक म्हणतात, कचरा जपतोय म्हातारा," काका म्हणाले. "मला फेकवत नाही. ज्या दिवसांत घुमट उघडा होता त्या सगळ्या दिवसांची धूळ आहे ही. हे बघा, या वर्षी पलीकडच्या डोंगराला वणवा लागला होता. ही काळी झाक त्याची. आणि ही पिवळी, परागांची. त्या वर्षी फुलं फार आली होती. आणि यातले काही कण तर वरून आलेत, बाई. उल्कांची राख. ती रोज पडते, आपल्या डोक्यावरसुद्धा, आपल्याला पत्ता नसतो."

बाई एकेका सालीखालून चालत गेल्या. करडी, राखाडी, पिवळसर. वर्षामागून वर्ष, आभाळ घडी न घालता टांगून ठेवलेलं. त्यांना एकदम मोठ्यानं बोलायची भीती वाटली. आपण तीस आभाळांखालून चालतोय असं त्यांना वाटलं.

त्या शेवटच्या सालीपाशी आल्या. काल काढलेली, एकतिसावी.

तिच्यातून पलीकडची भिंत लख्ख दिसत होती. त्या सालीवर धुळीचा कणसुद्धा नव्हता.

५

"काका," बाई वळून म्हणाल्या, "यंदा वर्षभर धूळ उडालीच नाही का?"

काका सालीची पट्टी सरळ करू लागले.

"हिच्यावर धूळ नाही, म्हणजे ही ओतली तेव्हा आरसा आधीच साफ झालेला होता. तुम्ही सोमवारी ओतलेली साल ही नव्हे. ती मंगळवारी कुणीतरी काढली, घुमट उघडून ताऱ्याकडं पाहिलं आणि पहाटे नवा लेप ओतून ठेवला. काल तुम्ही ही उचललीत त्याच क्षणी तुम्हाला हे कळलं. तीस वर्षं साली काढणाऱ्याला कळणार नाही तर कुणाला? म्हणून ओरखडा दिसायचा अवकाश, तुम्ही तो स्वतःवर घेतलात."

"हात माझाच चुकला," काका हट्टानं म्हणाले. "साल काढताना."

"तेही बघू."

बाईंनी ती साल तारेवरून उतरवली आणि उलटी केली. आरशाला टेकलेली बाजू खिडकीकडं तिरपी धरली, काकांचं भिंग मागून घेतलं आणि काठापासून हातभर आत शोधू लागल्या. आधी काही दिसलं नाही. मग उजेड बरोबर कोनात आला आणि वीतभर लांबीची एक चंदेरी रेघ लखलखली. जराशी वळलेली, टोकांना विरलेली.

आरशावर ओरखडा उठला तेव्हा धातूच्या थराची सुटलेली कड जागेवरच राहिली होती. त्यावर ओतलेल्या लेपानं ती उचलून आणली होती. म्हणजे हा लेप ओतण्याआधीच ओरखडा तिथं होता. काल साल काढताना तो झालाच नव्हता.

"तुम्ही निर्दोष आहात," बाई म्हणाल्या. "आता नाव सांगा."

"नाही सांगणार."

बाईंनी भिंग आणखी जवळ नेलं. चंदेरी रेघेच्या मध्यावर, जिथं ओरखडा सर्वांत खोल होता, तिथं आणखी काहीतरी चमकत होतं. दोन-तीन बारीक कण, चंदेरी नव्हते ते, पिवळे होते.

त्यांना तो वळलेला ओरखडा आठवला. हातात धरलेल्या वस्तूनं असा ओरखडा उठत नाही. टोकांना हलका, मध्ये खोल. लोंबणारी वस्तू झोका घेत टेकून गेली तर असाच उठतो. काकांचा पहिला नियम त्यांच्या कानात घुमला: गळ्यातलं काढा.

"घुबडाची बॅटरी कशाची आहे?"

"प्लास्टिकची," काका म्हणाले आणि जीभ चावून गप्प झाले.

बाईंनी खांद्यावरच्या पिशवीत हात घातला. सकाळपासून पुरावा त्यांच्याच पिशवीत, त्यांच्याच माळेशी गुंता करून बसला होता.

६

साडेचार वाजले होते. सरांच्या टेबलावर बाईंनी पितळी बॅटरी ठेवली. तिच्या कडेचा एक कोपरा घासून उजळला होता. शेजारी त्यांनी साल पसरली आणि भिंग ठेवलं. काका दारात उभे राहिले.

सरांनी भिंगातून पाहिलं. मग बॅटरीचा उजळलेला कोपरा चाचपला.

"बॅटरीनं होय," ते शेवटी म्हणाले. "कालपासून विचार करतोय, कशानं लागलं असेल. लाल उजेडात मला दिसलंच नाही. काल साल निघाली तेव्हा कळलं की मीच केलंय." मग ते दाराकडं न बघता म्हणाले, "आणि यानं आळ स्वतःवर घेतला, तर मी तोंड फिरवून उभा राहिलो. मला लाज वाटते, मॅडम. पण खरं तेच सांगतो. दुर्बीण काढून घेतील या भीतीनं मी गप्प बसलो."

"काका तुम्हाला का वाचवत होते?"

"कारण मला तारीख माहीत होती," काका दारातून म्हणाले. "पहिली साल आम्ही दोघांनी मिळून काढली होती. दोघं तिशीच्या आसपासचे. त्या दिवशी यानं सांगितलं, एक तारा विझणार आहे, तीस वर्षांनी. आधी वर्षाचा हिशोब लागला, मग महिन्याचा, मग रात्रीचा. घरदार केलं नाही यानं, ती एक रात्र सांभाळली. ती रात्र आली आणि कुणीतरी लाल शाईनं खोडली."

"मी खोडली," बाई म्हणाल्या. "कारण पुरेसं नाही असं लिहिलं. ते पत्र वाचायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं."

सर उठले. त्यांनी कपाट उघडलं आणि अलगद गुंडाळलेली एक साल बाहेर काढली. करडी, वर्षभराच्या धुळीनं भरलेली, खरी एकतिसावी. काठाला अजून पट्टी शिवलेली नव्हती.

"फेकवली नाही मला," ते म्हणाले.

काकांनी पुढं होऊन ती दोन्ही हातांवर घेतली. लेकराला घ्यावं तशी. मग तीस वर्षं चारचौघांत ज्याला 'सर' म्हटलं त्याच्याकडं त्यांनी पाहिलं. आरशाबद्दल, कबुलीबद्दल एक शब्दही काढला नाही.

"अरे," काका म्हणाले, "दिसला का?"

सर त्यांच्याकडं वळले. "दिसला. विझला. दोनदा विझला."

"दोनदा?"

"आधी अर्धा सेकंद. पुन्हा पेटला. मग चार सेकंद." त्यांनी टेबलावर एक बोट ठेवलं आणि त्याच्याशेजारी दुसऱ्या हाताची करंगळी. "त्या दगडाबरोबर आणखी एक आहे. छोटा. त्याला चंद्र आहे रे! इतक्या लांब, जिथं सूर्यसुद्धा नुसता ठिपका दिसतो, तिथं एका दगडाला सोबत आहे. हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. तीन दिवस ते मला एकट्याला माहीत आहे. आणि सांगू कुणाला? झाकलेल्या आरशातून पाहिलं म्हणून?"

काका खुर्चीत बसले. हातांवर ती साल होती म्हणून त्यांना डोळे पुसता येईनात. बाईंनाही आपले पुसायला रुमाल सापडेना.

पाचाला दहा कमी असताना त्यांनी अहवाल लिहायला घेतला. दोषीचं नाव लिहिलं, सरांचंच. वेळ, कृती, पितळी बॅटरी, दोन साली, एकही गोष्ट लपवली नाही. खाली दुसरं नाव लिहिलं, स्वतःचं, आणि लाल शाईच्या पत्राचा क्रमांक. मग 'कारण' हा रकाना आला. सर सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. रात्र, तास, मिनिट, सेकंद, किती वेळा, किती वेळ. रकाना भरला तेव्हा त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिणं चालू ठेवलं. त्या नव्या चंद्राची जगातली पहिली नोंद मुख्य कार्यालयाच्या मोडतोडीच्या छापील अर्जाच्या पाठीवर झाली.

"हे वर गेलं की माझी खुर्ची जाईल," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात आता भीती नव्हती.

"जाऊ दे खुर्ची," काका दोन्ही साली सांभाळत उठले. एकाच तारेवर शेजारी शेजारी टांगायच्या होत्या त्या. "पुढच्या महिन्यात नवा आरसा येतोय. दुप्पट मोठा, एकट्याच्यानं साल निघणार नाही, दोन माणसं लागतील. तू ये."

दारात ते थांबले आणि मागं वळून म्हणाले, "आणि येशील तेव्हा गळ्यातलं काढून ये."